संमतीपत्रावर सही करायच्या आधी नकाशा मोजायला शिका

मुंबईत एसआरएचा, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाच्या योजनेचा, विषय निघाला की भांडण ठरलेलंच. वस्तीतले म्हणतात ३०० चौरस फुटांचं घर कमी आहे, धारावीला ३५० देतायत, बीडीडी चाळीत ५०० मिळाले, मग आम्हीच काय पाप केलंय. बाजूच्या सोसायटीवाले म्हणतात एवढी माणसं इथे कोंबू नका, पाणी कुठून देणार, रस्ता केवढासा आहे. आणि बिल्डरचा माणूस म्हणतो ताई लवकर सही करा, स्कीम लटकली की तुमचंच नुकसान. या सगळ्यात नकाशा उघडून कोणी बघत नाही. मी कुर्ल्याला आमच्या वस्तीच्या कमिटीत सात वर्षं काढलीत, आता रिहॅब बिल्डिंगमध्ये, म्हणजे वस्तीवाल्यांसाठी बांधलेल्या बिल्डिंगमध्ये, सहाव्या मजल्यावर राहते, आणि दुपारी बारा वाजता ट्यूब लावून भाजी निवडते. म्हणून हे लिहितेय. ज्यांच्या दारात अजून सह्यांचे कागद आलेले नाहीत किंवा नुकतेच आलेत त्यांनी हे नीट वाचा, आणि ज्यांच्या बाजूला अशी स्कीम येतेय त्यांनीही वाचा, तुमच्यासाठी खाली लिहिलंय.

आधी एक आकडा डोक्यात पक्का करा, ६५०. विकास नियंत्रण नियमावली २०३४ मधल्या नियम ३३(१०) खाली झोपडपट्टी पुनर्वसन होतं आणि त्यात दर हेक्टरी कमीत कमी ६५० घरं बांधायची अट आहे, हो कमीत कमी, जास्तीत जास्त नाही. हेक्टर म्हणजे शंभर मीटर बाय शंभर मीटर, दहा हजार चौरस मीटर. त्याला ६५० ने भागा, एका घराच्या वाट्याला जेमतेम साडेपंधरा चौरस मीटर जमीन येते, म्हणजे साधारण १६५ चौरस फूट, आणि त्यातच जिने, रस्ता, गटार, पाण्याची टाकी, मुलांना खेळायची जागा सगळं आलं. एका घरात पाच माणसं धरली तर हेक्टरी सव्वातीन हजार माणसं. आता पुढचं ऐका, त्याच प्लॉटवर बिल्डरची सेलची, म्हणजे बाजारात विकायच्या घरांची, बिल्डिंगही उभी राहणार असते, तिच्याशिवाय त्याला पैसा सुटत नाही. समजा अर्धी जागा सेलला गेली तर रिहॅबच्या अर्ध्या जागेत ही दाटी दुप्पट झाली, १,३०० वर गेली. म्हणजे ३०० फूट की ३५० फूट हे भांडण घराच्या आतलं आहे आणि खरा त्रास घराच्या बाहेरच्या जागेचा आहे, दोन बिल्डिंगच्या मधल्या गल्लीचा. हे मला सही करताना कोणी सांगितलं असतं तर मी घरात पन्नास चौरस फुटांऐवजी बाहेर तीन मीटर गल्ली जास्त मागितली असती.

अजून एक हिशोब करून ठेवा. तुमचा प्लॉट समजा ४,००० चौरस मीटर आहे, म्हणजे ०.४ हेक्टर, तर कमीत कमी २६० घरं बांधावी लागणार. वस्तीत पात्र १९० निघाले तर उरलेली ७० घरं प्रकल्पबाधितांसाठी एसआरएच्या ताब्यात जातात आणि तिथे नाला रुंदीकरणात नाहीतर रस्त्यात घर गेलेले लोक येतात. आमच्याकडे हे आधी कोणाला माहीतच नव्हतं, लोक राहायला आले तेव्हा आमचेच लोक कुरकुरले की हे कोण, ही आमची स्कीम आहे. अहो ते पण तुटलेल्या घरातूनच आलेत. पण हे आधी कळलं असतं तर लिफ्ट आणि पाण्याची टाकी त्या हिशोबाने मागता आली असती एवढंच माझं म्हणणं.

पात्रतेचं काम मी थोडक्यात सांगते कारण ते बहुतेकांना माहीत असतं. परिशिष्ट दोन, ज्याला सगळे एनेक्शर टू म्हणतात, त्या यादीत तुमचं नाव पाहिजे. १ जानेवारी २००० च्या आधीचा पुरावा असेल तर घर फुकट, त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतचा असेल तर घर मिळतं पण अडीच लाख भरावे लागतात, हा आकडा २०२३ मध्ये ठरला. जुनी मतदार यादी, लाईट बिल, फोटोपास, रेशनकार्ड, सर्व्हेची पावती, जे असेल ते एका प्लास्टिकच्या फाईलमध्ये घालून घराबाहेर कोणाकडे तरी एक झेरॉक्स सेट ठेवा, पावसात पाणी घुसतं आणि कागदाचा लगदा होतो. यादी लागली की नावाचं स्पेलिंग, खोली नंबर आणि पात्र-अपात्रचा रकाना त्याच दिवशी बघा. अपात्र लिहिलं असेल तर रडत बसू नका, अपील करता येतं, पण त्याला मुदत असते. दुकान असेल तर ते दुकान म्हणूनच नोंदवलंय का ते बघा, २२५ फुटांपर्यंत दुकानाची जागा फुकट मिळते. आमच्या इथल्या एका मावशींची पिठाची गिरणी राहायची खोली म्हणून नोंदली गेली, घर मिळालं पण गिरणी कायमची बंद झाली.

आता नकाशा. बिल्डर जे ब्रोशर वाटतो, ज्यात झाडं आणि कारंजं असतं, तो नकाशा नाही. तुम्हाला पाहिजे लेआउट प्लॅन, म्हणजे वरून बघितल्यावर कुठली बिल्डिंग कुठे आणि मधे किती जागा, आणि दुसरा टिपिकल फ्लोअर प्लॅन, म्हणजे एका मजल्यावर किती रूम, जिना कुठे, खिडकी कुठे उघडते. जनरल बॉडी मीटिंगमध्ये हे दोन्ही मोठे प्रिंट काढून भिंतीला लावा अशी मागणी करा आणि ती मागणी इतिवृत्तात लिहून घ्या. तोंडी मागितलेलं हवेत जातं.

आमच्याकडे पहिल्या फेजच्या वेळी आम्ही नकाशा मागितलाच नाही. दुसऱ्या फेजला मागितला, तो आला तर त्यावर सगळं इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरात. कमिटीत आम्ही नऊ जण त्या कागदाभोवती चहा पीत बसलो होतो आणि कोणाला काही कळत नव्हतं. शेजारच्या सुतारकाकांची नात, दहावीला होती तेव्हा, ती क्लासवरून आली आणि म्हणाली आजी याच्यावर स्केल लिहिलंय, एकास पाचशे. तिने कंपास पेटीतली पट्टी काढली, दोन रिहॅब बिल्डिंगच्या मधल्या पांढऱ्या पट्टीवर ठेवली आणि म्हणाली सहा मिलिमीटर. मग तिनेच सांगितलं, एकास पाचशे म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवरचे पाच मीटर, सहा मिलिमीटर म्हणजे तीन मीटर. आम्ही उठलो, बाहेर गल्लीत जाऊन टेपने तीन मीटर मोजले, दोन टोकांना दोन बायका उभ्या केल्या आणि दोघींनी हात पुढे केले तर मधे फारसं काही उरतच नव्हतं. आणि या गल्लीच्या दोन्ही बाजूला बावीस मजले येणार होते. त्या दिवशी सगळे गप्प झाले.

तर हे असं मोजा. आधी कोपऱ्यात स्केल किती लिहिलंय ते बघा. एकास शंभर असेल तर एक सेंटिमीटर म्हणजे एक मीटर. पण एक लक्षात ठेवा, झेरॉक्स लहान-मोठी झाली किंवा व्हॉट्सॲपवर फोटो आला तर स्केल बिघडतं, मग पट्टीने मोजलेलं चुकणार. तेव्हा नकाशावर जे माप आकड्यात लिहिलेलं असतं, एखाद्या रस्त्याची रुंदी वगैरे, ते शोधा, ते पट्टीने मोजा आणि त्या हिशोबाने बाकीचं काढा. रिहॅब बिल्डिंगना मोकळ्या जागेच्या नियमात सवलत मिळते, म्हणजे सेलच्या बिल्डिंगभोवती जेवढी मोकळी जागा दिसेल तेवढी तुमच्याभोवती नसते आणि ते कायद्यात बसतं. म्हणून नियमात बसतंय हे उत्तर ऐकून घरी जाऊ नका. नियमात बसणारी गल्ली आणि राहण्यालायक गल्ली यात फरक आहे.

हे मी उगाच नाही म्हणत. गोवंडी-मानखुर्दला नटवर पारेख कंपाऊंड आणि लल्लूभाई कंपाऊंड या प्रकल्पबाधितांच्या वसाहती आहेत, बिल्डिंगा एकमेकींना इतक्या चिकटून की खालच्या मजल्यांवर दिवसा अंधार. तिथे डॉक्टरांनी पाहणी केली, २०१८ मध्ये ती बाहेर आली, आणि टीबीचा संबंध घरात ऊन-वारा न येण्याशी असल्याचं त्यात दिसलं. पक्कं घर मिळालं आणि घरात टीबी आला, याच्यापेक्षा वाईट काय असणार.

उन्हाची परीक्षा तुम्ही स्वतः करू शकता, याला आर्किटेक्ट लागत नाही. डिसेंबरच्या शेवटी, दुपारी साडेबारा ते पाऊणच्या दरम्यान, मोकळ्या जागेत एक मीटरची काठी सरळ उभी धरा आणि सावली मोजा. मुंबईत ती साधारण ९० सेंटिमीटर भरते, आणि ही वर्षातली भरदुपारची सगळ्यात लांब सावली. म्हणजे बिल्डिंग जेवढी उंच तेवढीच जवळजवळ तिची सावली, आणि ती उत्तरेला पडते. ६६ मीटरच्या बिल्डिंगची सावली साठेक मीटर जाणार. आता नकाशावर उत्तरेचा बाण कुठे आहे ते बघा, सेलचा टॉवर तुमच्या दक्षिणेला असेल तर थंडीचे महिने तुमच्या घरात ऊन विसरा. आमचं तेच झालंय. बिल्डरची माणसं साइट दाखवायला मे महिन्यात बोलावतात, मेमध्ये सूर्य डोक्यावर असतो, सावली पायाखाली असते, सगळीकडे उजेडच दिसतो. बघायचं ते डिसेंबरात.

यावर मागायचं काय, तर इथे लोकांचा एक गैरसमज आहे तो आधी काढा. उंच बिल्डिंग म्हणजे वाईट आणि बुटकी म्हणजे चांगली असं नसतं. तेवढीच घरं सात मजल्यात बसवायची तर जास्त जमीन व्यापते आणि मधली गल्ली बारीक होते, नटवर पारेखला टॉवर नाहीतच. आम्ही दुसऱ्या फेजला भांडून भांडून शेवटी एक विंग काढायला लावली, बाकीच्या दोन विंग तीन-तीन मजल्यांनी वाढल्या आणि मधली जागा तीनाची सहा मीटर झाली. त्याला अकरा महिने गेले, वस्तीतल्याच काही लोकांनी आम्हाला स्कीम अडवणारे म्हणून शिव्या दिल्या, त्यातला एक भाऊ आज त्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर आहे आणि त्याच्या खिडकीत तुळस जगते. पहिल्या फेजमध्ये दुसऱ्या मजल्यावर तुळस जगत नाही.

पण उंची मान्य केली की लिफ्ट, पाणी आणि आग या तीन गोष्टी लगेच विचारायच्या, वेगवेगळ्या मीटिंगला नाही, त्याच मीटिंगला. आमचे बावीस मजले, मजल्याला आठ रूम, १७६ घरं, पावणेनऊशे माणसं आणि तीन लिफ्ट, त्यातली एक कायम बंद. सकाळी सातला शाळेची पोरं, कामाला जाणाऱ्या बाया, दूधवाला, सगळे एकाच वेळी. गरोदर बाई सतरा मजले उतरताना मी बघितलीय. त्यामुळे किती लिफ्ट आणि प्रत्येक किती माणसांची हे लेखी घ्या आणि देखभालीचा करार किती वर्षं बिल्डर भरणार तेही. पाण्याचं म्हणाल तर पालिकेचा हिशोब बिल्डिंगला माणशी १३५ लिटर धरतो, झोपडपट्टीला ४५, म्हणजे कागदावर आपलं पाणी तिप्पट होतं, पण ते वर चढवायला पंप लागतो आणि पंपाचं बिल सोसायटीच्या माथी येतं. टाकी किती हजार लिटरची, पंप किती, जनरेटर आहे का, हे विचारा.

आगीचं तर हसण्यावारी नेऊच नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये गोरेगावच्या जय भवानी या एसआरए बिल्डिंगमध्ये रात्री आग लागली, खाली लागलेल्या आगीचा धूर जिन्याने वर गेला आणि माणसं गेली. फायर एनओसीची, म्हणजे अग्निशमन दलाच्या ना-हरकत दाखल्याची, कॉपी मागा, बंबाची गाडी कुठल्या बाजूने आत येणार ते नकाशावर बोट ठेवून दाखवायला सांगा, आणि ताबा मिळाल्यावर जिन्याखाली आणि डक्टमध्ये कोणालाही भंगार, सायकली, गॅसच्या टाक्या ठेवू देऊ नका, त्यात नातेवाईक असला तरी.

मेंटेनन्सवर बोलायला कोणाला आवडत नाही पण घरं जातात ती इथेच. झोपडीत लाईट बिल आणि पाण्याचे थोडे पैसे एवढाच खर्च होता, इथे लिफ्ट, पंप, वॉचमन, साफसफाई, पालिकेचा टॅक्स. बिल्डरने सोसायटीच्या नावावर कॉर्पस फंड, म्हणजे देखभालीसाठीची ठेव, ठेवायचा असतो, तो किती, कुठल्या बँकेत आणि व्याज कोणाला मिळणार हे सहीच्या आधी विचारा. ज्यांना महिन्याचा मेंटेनन्स झेपत नाही ते पहिल्या दोन-तीन वर्षांतच रूम भाड्याने देऊन विरार-नालासोपाऱ्याला जातात, मग बाहेरचे म्हणतात बघा यांना फुकट घर दिलं आणि हे विकून खातात. हे ऐकलं की माझ्या जिवाला लागतं. ज्या बाईने धुणीभांडी करून तीन पोरं शिकवली ती हौसेने घर सोडत नाही हो.

बांधकाम होईपर्यंत बाहेर राहायला बिल्डर जे भाडं देतो, त्याचं आमच्यावर बेतलेलं सांगते. पहिला बिल्डर पैसे संपले म्हणून काम टाकून गेला आणि चौदा महिने भाडं आलं नाही, लोकांनी दागिने मोडले, दोन घरं गावाला परत गेली ती गेलीच. आता नियम थोडे बरे आहेत, दोन वर्षांचं भाडं आगाऊ एसआरएकडे जमा करायचं आणि पुढच्या एका वर्षाचे चेक द्यायचे असं २०२३ पासून आहे. तरी घर रिकामं करायच्या आधी पैसे खरंच जमा झाले का ते एसआरएकडून लेखी घ्या, आणि प्रत्येक घराशी वेगळा करारनामा करून तो रजिस्टर करा. बिल्डर काम करत नसेल तर झोपडपट्टी कायदा १९७१ च्या कलम १३(२) खाली त्याला बदलता येतं, त्यासाठी सोसायटीचा ठराव आणि न मिळालेल्या भाड्याची तारीखवार वही पाहिजे. वही रोज लिहा. आमच्या सुनावणीत वहीच कामाला आली, भाषणं नाही.

आणि सहीबद्दल, ५१ टक्के पात्र लोकांची संमती झाली की योजना पुढे जाते, पूर्वी ७० लागायची. उरलेल्यांनाही मग त्याच झोपडपट्टी कायद्याच्या कलम ३३, ३८ च्या नोटिसा येऊन जागा सोडावी लागते. म्हणजे तुमचं वजन ५१ होईपर्यंतच. जे मागायचंय ते तेव्हा मागा, सगळ्यांनी मिळून, एकट्याने गुपचूप जास्तीची रूम मागू नका, त्याने वस्ती फुटते. कोऱ्या कागदावर, कोऱ्या स्टँप पेपरवर सही नाही म्हणजे नाही.

आता बाजूच्या सोसायटीवाल्यांसाठी. मुलुंडला प्रकल्पबाधितांच्या सात हजारांवर घरांना लोकांनी विरोध केला, मिठागरांच्या जमिनी धारावीतल्या अपात्रांच्या भाड्याच्या घरांसाठी द्यायचं ठरल्यावर परत तोच वाद पेटला. त्यात दोन वेगळी म्हणणी एकत्र झाली आहेत आणि ती सोडवून बघितली पाहिजेत. पाणी पुरेल का, मलनिस्सारण लाइन केवढी आहे, शाळा-दवाखाना कुठे, मिठागरावर भराव घातला तर पावसाचं पाणी कुठे जाणार, हे प्रश्न शंभर टक्के बरोबर आहेत आणि आम्हा वस्तीवाल्यांना ते तुमच्याहून जास्त छळतात, कारण पाणी तुंबतं ते आधी आमच्या तळमजल्यात. पण ‘ही माणसं आमच्या इथे नकोत’ हे दुसरं म्हणणं आहे आणि ते त्याच अर्जात घुसवलं की पहिले प्रश्नही कोणी ऐकत नाही. समुद्राच्या बेटावर वसलेलं शहर आहे, जमीन वाढत नाही, तुमच्या घरी काम करणारी ताई राहणार कुठे.

जमिनीचं आरक्षण किंवा नियम बदलायचा असेल तर एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्राच्या नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली नोटीस निघते आणि हरकती-सूचनांसाठी एक महिना मिळतो. एकाच मजकुराच्या हजार झेरॉक्स पाठवण्यापेक्षा आकडे असलेली दहा पत्रं पाठवा. आरक्षण क्रमांक, सर्व्हे नंबर, रस्त्याची आजची रुंदी टेपने मोजून, शाळेतल्या वर्गात किती मुलं, पाणी किती वाजता आणि किती वेळ. शेवटी स्पष्ट लिहा की घरं बांधायला हरकत नाही, या या गोष्टी आधी करा. सुनावणी मागितलीय हे त्यातच लिहा. आमच्या दुसऱ्या फेजला बाजूच्या सोसायटीचे सेक्रेटरी काका आधी भांडायला आले होते, नकाशा दाखवला तर त्यांच्या लक्षात आलं की बारीक गल्ली त्यांच्या कंपाऊंडलाच लागून आहे, आग लागली तर ज्वाळा त्यांच्या खिडकीत. मग आम्ही दोघांनी मिळून एकच पत्र दिलं. सहा मीटर मिळाले त्यात त्या पत्राचा मोठा हात आहे.

कोळीवाडे-गावठाणवाल्यांनी अजून एक बघायचं, आपला भाग झोपडपट्टी म्हणून दाखवलाय का. सीमांकनाचा नकाशा काढा, जाळी सुकवायची आणि मासळी वाळवायची जागा त्यात मोकळी जागा म्हणून नाही तर तुमच्या वापराची जागा म्हणून लिहिलीय का ते तपासा, आणि किनारा नियमन क्षेत्राची रेषा कुठून जाते तेही.

कागद मिळत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ‘सगळी माहिती द्या’ असं लिहू नका. परिशिष्ट दोनची प्रमाणित प्रत, एलओआय (योजनेला मिळालेलं मंजुरीचं पत्र), मंजूर लेआउट प्लॅन, फायर एनओसी आणि भाड्यापोटी जमा रकमेचा तपशील, असं एकेक लिहा. एसआरएचं ऑफिस वांद्रे पूर्वेला अनंत काणेकर मार्गावर आहे, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घेतल्याशिवाय तिथून निघू नका. महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, साइटवर त्याच बिल्डरची सेलची बिल्डिंग शोधा, तिथे त्याचे बाकीचे प्रोजेक्ट आणि कोर्टातली प्रकरणं दिसतात. आणि नकाशा हातात आला की पहिल्या संध्याकाळी कमिटीच्या नऊ जणांपुरता ठेवू नका, गल्लीत टेबल टाका, पट्टी आणि टेप ठेवा, आणि दहावीतल्या पोरींना बोलवा.